एका दुरुस्तीत संपून जाणारं एन्झाइम

आपल्या पेशींच्या केंद्रकात एक छोटंसं प्रथिन असतं. डीएनएवर एका ठरावीक जागी झालेली इजा ते हुडकून काढतं, ती स्वतःच्या अंगावर घेतं आणि मग पेशी त्यालाच मोडीत काढते. एक रेणू, एक दुरुस्ती, काम खलास. त्याचं पूर्ण नाव ओ-६-मिथाइलग्वानिन डीएनए मिथाइलट्रान्सफरेज. डॉक्टर आणि लॅबवाले एमजीएमटी म्हणतात, आपणही तेच म्हणू. तंबाखू खाणाऱ्याच्या पेशींत हे प्रथिन त्याला वाचवायला धडपडत असतं. मेंदूच्या एका कॅन्सरमध्ये मात्र तेच प्रथिन गाठीला वाचवतं आणि औषध वाया घालवतं. मी नाशिकमध्ये जीवरसायन शिकवते आणि या दोन्ही बाजूंची माणसं मी जवळून पाहते, म्हणून हा विषय नीट उलगडून सांगावासा वाटतो.

आधी इजा कसली ते बघू. डीएनए म्हणजे एकमेकींभोवती पीळ घातलेल्या दोन साखळ्या. त्यांत चार प्रकारचे घटक असतात: ॲडेनिन, थायमिन, ग्वानिन आणि सायटोसिन, थोडक्यात ए, टी, जी आणि सी. एका साखळीत ए असेल तर समोर टी, जी असेल तर समोर सी. माणसाच्या जनुकांच्या एका संचात अशा तीनशे कोटींहून जास्त जोड्या आहेत. पेशी दुभंगायच्या आधी दोन्ही साखळ्या सुट्या होतात आणि प्रत्येकीसमोर नवी साखळी विणली जाते. समोर काय बसवायचं, हे जुन्या साखळीतल्या घटकाच्या आकारावरून आणि त्याच्या कडेच्या हायड्रोजन बंधांवरून ठरतं. सगळा कारभार त्या कडेवर अवलंबून आहे.

ग्वानिनच्या त्या कडेला सहाव्या क्रमांकाच्या कार्बनवर एक ऑक्सिजन असतो. सायटोसिनशी जोडी जमते त्यात या ऑक्सिजनचा हात असतो. त्याच्यावर मिथाइल येऊन चिकटला, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, एवढाच ऐवज, की ग्वानिनची कड बदलते. आता त्याच्यासमोर सायटोसिन नीट बसत नाही, थायमिन जास्त बरं बसतं. नवी साखळी विणणारं यंत्र तिथे टी बसवून पुढे जातं. पुढच्या वेळी त्या टीसमोर ए येतो. जिथे जी आणि सी होते तिथे कायमचे ए आणि टी. साखळी कुठे तुटली नाही, फक्त एक जोडी बदलली, आणि पेशीच्या दृष्टीने आता तोच मूळ मजकूर झाला.

एका जोडीने काय बिघडतं, ते एका उदाहरणावरून पाहा. केआरएएस नावाचं एक जनुक आहे. त्याचं प्रथिन पेशीला 'वाढ' असा इशारा देतं आणि लगेच स्वतःला बंद करून घेतं. या जनुकात बाराव्या जागी जीजीटी असं त्रिकूट असतं, त्याचा अर्थ प्रथिनात तिथे ग्लायसिन हे अमिनो आम्ल बसवायचं. मधला जी बदलून ए झाला की जीएटी होतं आणि ग्लायसिनऐवजी ॲस्पार्टिक आम्ल येतं. एवढ्या बदलाने प्रथिनाला स्वतःला बंद करता येत नाही, वाढीचा इशारा सुरूच राहतो. स्वादुपिंडाच्या आणि मोठ्या आतड्याच्या कितीतरी कॅन्सरमध्ये नेमका हा बदल सापडतो. ज्या आतड्याच्या गाठींत एमजीएमटी बंद पडलेलं असतं, त्यांत केआरएएसमधला जीचा ए जास्त वेळा दिसतो.

हा मिथाइल येतो कुठून? थोडा तर आपल्याच घरातून. पेशीला कितीतरी कामांसाठी मिथाइल लागतो आणि तो पोचवणारा एक रेणू शरीरात सगळीकडे असतो, एस-ॲडेनोसिल मिथिओनिन. त्याच्याकडून अधूनमधून चुकून डीएनएवर मिथाइल चिकटतो. म्हणजे जन्मभर हवा-पाणी-अन्न सगळं शुद्ध मिळालं तरी हे एन्झाइम लागणारच. बाहेरून येतो तो मुख्यतः नायट्रोसॅमाइन गटातल्या रसायनांमधून. २०१९ साली ॲसिडिटीच्या रॅनिटिडीन गोळ्यांवरून जगभर गदारोळ झाला तो आठवत असेल. त्या गोळ्यांत सापडलेलं एनडीएमए हे असंच एक नायट्रोसॅमाइन. यकृतात त्याचं विघटन होताना मिथाइल मोकळा होतो आणि डीएनएवर जाऊन बसतो.

पण आपल्याकडचा मोठा पुरवठा तंबाखूतून होतो. तंबाखूची पानं वाळवताना आणि मुरवताना निकोटीन आणि त्याच्या भाईबंदांपासून एनएनके आणि एनएनएन ही दोन नायट्रोसॅमाइन तयार होतात. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, आयएआरसीने, दोन्ही पहिल्या गटात टाकली आहेत, म्हणजे माणसाला कॅन्सर करतात हे सिद्ध झालेल्या गटात. यात जाळण्याचा संबंध नाही, हे लोकांना पटवणं फार अवघड जातं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत शिफ्ट सुटल्यावर, निफाड-दिंडोरीकडे द्राक्षांच्या छाटणीला टोळ्या येतात तेव्हा, तळहातावर तंबाखू आणि चुना मळणारे हात दिसतातच. 'मी काय सिगारेट ओढतो का?' हे वाक्य मी इतक्यांकडून ऐकलं आहे. बायकांमध्ये मिश्री. ती तर दात घासायची म्हणून कुणी तंबाखूत धरतच नाही, आणि भाजलेल्या तंबाखूची पूड हिरड्यांना चोळली जाते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ चार टक्क्यांच्या आत होते, बिनधुराचा तंबाखू वापरणारे मात्र जवळजवळ चोवीस टक्के. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. मळून खायचा तंबाखू आणि मिश्री त्या बंदीत येत नाहीत.

एनएनके आहे तसं डीएनएला हात लावत नाही. परकं रसायन बाहेर टाकायचं म्हणून शरीरातली दुसरी एन्झाइम त्याच्यावर ऑक्सिजन चढवतात आणि त्या खटपटीत ते फुटून धारदार तुकडे निघतात. काहींतून मिथाइल सुटतो, काहींतून त्याहून मोठा गट, आणि दोन्ही ग्वानिनच्या त्या सहाव्या ऑक्सिजनवर बसू शकतात. एमजीएमटी दोन्ही काढू शकतं.

ते कसं काढतं, ते मला वर्गात शिकवताना सगळ्यात जास्त आवडतं. प्रथिन अवघं २०७ अमिनो आम्लांचं. डीएनएच्या पिळात एक रुंद खाच असते आणि एक अरुंद. एमजीएमटी अरुंद खाचेत शिरून चिकटतं. मग ते बिघडलेला ग्वानिन जोडीतून सोडवून पिळाच्या बाहेर वळवतं. मध्ये पोकळी पडायला नको म्हणून १२८ व्या जागेवरचं आर्जिनिन तिथे बोटासारखं घुसतं आणि जागा धरून ठेवतं. बाहेर आलेला ग्वानिन प्रथिनाच्या खोबणीत बसतो. खोबणीच्या तळाशी १४५ व्या जागेवर सिस्टीन असतं आणि त्याच्या टोकाला गंधक. तो गंधक ग्वानिनवरचा मिथाइल ओढून घेतो. ग्वानिन जसा होता तसा होतो आणि आपल्या जागी परत जातो. साखळी कापायला लागली नाही, नवा तुकडा भरायला लागला नाही.

डीएनए दुरुस्तीच्या बहुतेक पद्धती कापाकापीच्या असतात. खराब घटक छाटायचा, आजूबाजूचा थोडा भाग काढायचा, समोरची साखळी बघून नवा भरायचा, सांधा जोडायचा, चार-पाच एन्झाइमांचं काम. त्या मानाने एमजीएमटीची दुरुस्ती एका पायरीत होते आणि तीत चूक व्हायला जागाच नाही.

किंमत मात्र जबर आहे. गंधकावर बसलेला मिथाइल पुन्हा निघत नाही. त्या प्रथिनाचा आकार ढासळतो, पेशी त्याच्यावर खूण चिकटवते आणि त्याचे तुकडे करून टाकते. शाळेत आपण शिकतो की एन्झाइम अभिक्रिया घडवतं आणि स्वतः जसंच्या तसं राहतं, त्यामुळे एक रेणू हजारो वेळा वापरता येतो. त्या व्याख्येत एमजीएमटी बसत नाही, म्हणून काही जण त्याला आत्मघाती एन्झाइम म्हणतात. इतर एन्झाइम लायटरसारखी असतील तर हे काडेपेटीतली काडी आहे. पेटीत काड्या किती आहेत, यावर सगळं.

हे कळलं ते बॅक्टेरियांमुळे. १९७७ साली लंडनमध्ये लिओना सॅमसन आणि जॉन केर्न्स यांनी ई. कोलाय बॅक्टेरियांना मिथाइल चिकटवणाऱ्या रसायनाची अगदी थोडी मात्रा आधी दिली आणि नंतर जबरदस्त मात्रा दिली. आधी थोडी मात्रा मिळालेले बॅक्टेरिया तगले आणि त्यांच्यात म्युटेशनही, म्हणजे डीएनएतले कायमचे बदलही, कमी झाले. त्यांनी काहीतरी नवं तयार केलं होतं. १९८० मध्ये ओल्सन आणि टोमास लिंडाल यांनी दाखवलं की मिथाइल ग्वानिनवरून उचलून एका प्रथिनाच्या सिस्टीनवर जातो आणि तिथेच राहतो. लिंडाल यांना २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल पॉल मॉड्रिच आणि अझीझ सन्कार यांच्यासोबत मिळालं. ते प्रामुख्याने कापून दुरुस्त करण्याच्या पद्धतीबद्दल होतं, पण ही एका पायरीची दुरुस्ती उलगडण्यातही त्यांचा मोठा वाटा आहे.

बॅक्टेरियातल्या त्या प्रथिनाचं नाव एडा. मिथाइल चिकटलेलं एडा जाता जाता स्वतःचंच जनुक चालू करतं, त्यामुळे मारा वाढला की साठाही झपाट्याने वाढतो. माणसात ही सोय अशी नाही. आपला साठा आहे तेवढा आहे आणि तो पेशीपेशीत वेगळा: यकृतात भरपूर, मेंदूत कमी, आणि बोन मॅरोमध्ये, म्हणजे रक्तपेशी बनतात त्या हाडांतल्या मगजातही कमी. एकेक काडी जळते तशी नवी बनवावी लागते आणि बनवायला वेळ लागतो. म्हणूनच दिवसातून दहा वेळा गालात धरलेल्या तंबाखूचा मला राग येतो. 'शरीर आपोआप दुरुस्त करतं' हे म्हणणं खोटं नाही, पण ही दुरुस्ती मोजून मिळते. मारा साठ्याच्या वर गेला की उरलेले मिथाइल जागेवर राहतात आणि पेशी तशीच दुभंगते.

आता दुसरी बाजू. आमच्या सिडकोतल्या बिल्डिंगमधला एक मुलगा, आईचं मेंदूचं ऑपरेशन झालेला, एक दिवस फाइल घेऊन आला. मुंबईच्या खेपा सुरू होत्या. पहाटे नाशिक रोडला जाऊन पंचवटी एक्सप्रेस पकडायची, रात्री परत यायचं. रिपोर्टवर ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे सुरुवातीला म्हटलेला तो मेंदूचा कॅन्सर, असं लिहिलं होतं आणि खाली वेगळी ओळ: 'एमजीएमटी प्रमोटर मिथायलेटेड'. मला म्हणाला, "काकू, मिथाइल चिकटला म्हणजे डीएनए खराब ना? म्हणजे अजून वाईटच ना हे?"

त्याचा प्रश्न रास्त होता. घरी बसून कुणी थोडं वाचलं तर हाच निष्कर्ष काढेल. मी त्याला खुर्चीवर बसवलं आणि कागदावर दोन चित्रं काढली.

"हे बघ, मिथाइल कुठे बसला त्यावर सगळं आहे. ग्वानिनच्या सहाव्या ऑक्सिजनवर बसला तर ती इजा. पण पेशी मुद्दाम, स्वतःच्या एन्झाइमने, सायटोसिनच्या पाचव्या कार्बनवर मिथाइल बसवते. ती जागा जोडी जमण्याच्या कडेला नाही, त्यामुळे सी समोर जीच बसतो, काही बिघडत नाही. जनुकाच्या सुरुवातीला, म्हणजे प्रमोटरवर, असे मिथाइल दाटीने बसले की ते जनुक बंद होतं. आईच्या गाठीत एमजीएमटीचं जनुक असं बंद झालंय."

"मग?"

"मग गाठीकडे दुरुस्ती करणारं प्रथिन नाही. आणि आईला ज्या कॅप्सूल देणार आहेत, त्या हीच इजा करतात."

त्या कॅप्सूल म्हणजे टेमोझोलोमाइड. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या ॲस्टन विद्यापीठात माल्कम स्टीव्हन्स यांच्या गटाने हे औषध १९८० च्या दशकात तयार केलं. तोंडाने घेता येतं आणि रक्तातून मेंदूत शिरतं, हे त्याचे दोन मोठे गुण, कारण रक्त आणि मेंदूमधली आडभिंत बहुतेक औषधांना अडवते. शरीरात ते आपोआप फुटतं आणि डीएनएवर मिथाइल चिकटवतं. त्यातले बहुतेक ग्वानिनच्या सातव्या नायट्रोजनवर बसतात आणि पेशी ते सहज कापून काढते. सहाव्या ऑक्सिजनवर बसणारे जेमतेम पाच-सहा टक्के. पेशीला मुख्यतः मारतात ते हेच.

आणि मारण्याची रीत विलक्षण आहे. पेशी दुभंगताना मिथाइलवाल्या ग्वानिनसमोर टी बसतो. जोड्या तपासणारी दुसरी एक यंत्रणा पेशीत असते, तिच्यावरच्या कामासाठी मॉड्रिच यांना नोबेल मिळालं. तिला ही जोडी चुकीची दिसते. पण ती नवीन साखळीला दोषी धरते, नवीन साखळीतला टी आणि आजूबाजूचा भाग कापते आणि पुन्हा भरायला देते. समोर तोच मिथाइलवाला ग्वानिन, त्यामुळे पुन्हा टी. पुन्हा कापणं, पुन्हा भरणं. पुढच्या दुभंगण्यापर्यंत त्या जागी साखळ्या तुटायला लागतात आणि पेशी मरते. म्हणजे औषधाला गाठीतली एक दुरुस्ती यंत्रणा चालू असावी लागते आणि दुसरी, एमजीएमटीची, बंद. एमजीएमटी शाबूत असेल तर ते आधीच येऊन मिथाइल उचलतं आणि पुढचं काही घडतच नाही.

२००५ साली युरोप आणि कॅनडातल्या ५७३ रुग्णांच्या चाचणीचे निकाल आले. नुसत्या रेडिएशनवर निम्मे रुग्ण १२.१ महिने किंवा जास्त जगले होते. सोबत टेमोझोलोमाइड दिल्यावर १४.६ महिने. फरक अडीच महिन्यांचा, ऐकायला किरकोळ. पण दोन वर्षांनी हयात असलेले पहिल्या गटात १०.४ टक्के होते आणि दुसऱ्या गटात २६.५ टक्के. मोनिका हेगी आणि सहकाऱ्यांनी त्याच चाचणीतल्या २०६ जणांच्या गाठी तपासल्या. सुमारे ४५ टक्के गाठींत एमजीएमटीचं जनुक मिथाइलने बंद होतं. या रुग्णांत रेडिएशनसोबत औषध मिळालेले निम्मे २१.७ महिन्यांपर्यंत जगले, नुसतं रेडिएशन मिळालेले १५.३ महिन्यांपर्यंत. ज्यांचं जनुक चालू होतं त्यांना औषधाचा फायदा फार थोडा झाला. त्या मुलाला मी हे आकडे सांगितले, पण तुझ्या आईला इतके महिने मिळतील असा त्याचा अर्थ नाही, हेही बजावलं. निम्म्या लोकांचा आकडा एका माणसाचं भविष्य सांगत नाही. तरी त्या रिपोर्टमधली ती ओळ चांगली होती, आणि ती चांगली आहे हे त्याला कळणं माझ्या मते महत्त्वाचं होतं.

रेडिएशनबद्दल नाशिककरांना सांगण्यासारखी एक गोष्ट इथेच सांगते. आपल्या लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेलं 'कृषक' केंद्र आहे. तिथे कोबाल्ट-६० चे गॅमा किरण कांद्यावर सोडतात. कोंबाच्या पेशींचा डीएनए दुरुस्तीपलीकडे तुटतो, त्या दुभंगू शकत नाहीत आणि कांद्याला मोड येत नाहीत. कॅन्सरच्या रेडिएशनची जुनी यंत्रंही कोबाल्ट-६० वरच चालायची. दुभंगणारी पेशी गाठायची आणि तिच्या डीएनएचं दुरुस्त होणार नाही इतकं नुकसान करायचं, तत्त्व तेच. कांद्यात किरण राहत नाहीत, तेव्हा तो खायला भ्यायचं कारण नाही.

मग ज्यांच्या गाठीत एमजीएमटी चालू आहे त्यांचं काय? आधी ते संपवून टाकावं आणि मग औषध द्यावं, ही कल्पना डॉक्टरांना सुचली होती. ओ-६-बेंझिलग्वानिन नावाचा रेणू खोट्या ग्वानिनसारखा खोबणीत बसतो, सिस्टीन त्याच्यावरचा गट उचलतं आणि प्रथिन फुकट खर्ची पडतं. गाठीतलं एमजीएमटी खरंच संपलं. पण बोन मॅरोमधलंही संपलं, तिथे मुळात साठा थोडा, त्यामुळे रक्तपेशी कोसळल्या आणि टेमोझोलोमाइडची मात्रा कमी करावी लागली. फायदा हाती लागला नाही. मग आणखी धाडसी विचार झाला. एमजीएमटीच्या १४० व्या जागेवर प्रोलिनऐवजी लायसिन घातलं तर बेंझिलग्वानिन त्याच्यात नीट बसत नाही, पण मिथाइल काढायचं काम ते करत राहतं. असं जनुक रुग्णाच्या स्वतःच्या रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशींत घालून त्या परत दिल्या, म्हणजे मॅरो सुरक्षित आणि गाठ उघडी. अमेरिकेत मोजक्या ग्लायोब्लास्टोमा रुग्णांवर हे करून पाहिलं गेलं आणि त्यांच्या मॅरोला औषध सोसलं. नेहमीच्या उपचारात ते अजून आलेलं नाही.

चालू जनुकाचा रिपोर्ट आला म्हणजे टेमोझोलोमाइड बंद करावं, असं घरच्यांनी परस्पर ठरवू नये. त्याच्या तोडीचं दुसरं औषध हाताशी नसल्याने डॉक्टर अशा रुग्णांनाही ते बहुतेक वेळा देतात. वयस्कर रुग्णांच्या बाबतीत मात्र हा रिपोर्ट थेट उपचार बदलू शकतो. २०१२ साली आलेल्या दोन युरोपीय चाचण्यांनंतर, रेडिएशन आणि औषध दोन्ही झेपणार नसतील तर जनुक बंद असलेल्यांना नुसत्या कॅप्सूल आणि चालू असलेल्यांना नुसतं रेडिएशन, असा विचार केला जातो.

ही तपासणी नेहमी गाठीच्या तुकड्यावर करतात, साध्या रक्ततपासणीतून ती होत नाही. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा पॅथॉलॉजी विभाग मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवतो, त्यालाच सगळे 'ब्लॉक' म्हणतात. ऑपरेशन नाशिकला झालं आणि पुढचे उपचार मुंबईला घ्यायचे असतील, तर डिस्चार्ज कार्डाबरोबर ब्लॉक आणि स्लाइड लेखी अर्ज करून मागून घ्या. त्या मिळतात. आणि तपासणी पाठवायच्या आधी त्या तुकड्यात गाठीच्या पेशी पुरेशा आहेत का, एवढं पॅथॉलॉजिस्टना विचारा, कारण नुसत्या मेलेल्या भागावर केलेली एमजीएमटी तपासणी चुकीचं उत्तर देऊ शकते.